रत्नमालेवरचा अबोला

या, अशा पुढं या. दाराशी उभं राहून ऐकलं की अर्धी गोष्ट वाऱ्यावर जाते. त्या खांबाजवळ जागा आहे बघा, तिथं मांडी घालून बसा. आणि गळ्यात कंठी असेल तर ती तेवढी बंद करा. तुळशीची नव्हे हो, ती राहू द्या. दुसरी, ती यंत्राची.

देवदानवांनी समुद्र घुसळला आणि तळातून रत्नं वर आली, ही कथा आपण देवळात बसून किती वेळा ऐकली असेल! बुवांनी लक्ष्मी वर आल्याचं सांगावं, झांजेनं ठेका धरावा, आणि आपण सगळ्यांनी घरदार विसरावं. आज मी सांगणार आहे ती गोष्टही समुद्राच्या तळाचीच आहे. वाईच्या केळशीकर नवराबायकोनं तिथं बुडी मारली आणि तिथून काय वर आणलं, ते ऐका.

यशोधन केळशीकरांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. जन्मभर धरणांचं पाणी मोजलं, पण स्वतःच्या गळ्याच्या वर पाणी कधी येऊ दिलं नाही. त्यांची बायको हेमांगी शाळेत भूगोल शिकवायची. कंकणद्वीप हा तिचा आवडता धडा. भर समुद्रात बांगडीसारखं गोल बेट, मधे निळं शांत पाणी, भोवती प्रवाळाची रंगीत भिंत. हे चित्र ती दरवर्षी रंगीत खडूंनी फळ्यावर काढायची आणि तास संपला तरी पुसू द्यायची नाही. प्रत्यक्ष मात्र तिनं ते कधीच पाहिलं नव्हतं.

निवृत्त झाल्याच्या आठवड्यातच ती कीर्तनातून घरी येता येता म्हणाली, "अहो, देवांना घुसळून काढावं लागलं. आपल्याला नुसतं खाली जाऊन बघायचंय. जाऊ या ना!"

हेमांगीच्या शाळेतल्या साऱ्या जणी नवऱ्याला अरे-तुरे करायच्या. हेमांगीचं 'अहो' तिच्या सासूबाईंकडून आलेलं होतं. त्या एका 'अहो'त ती लाड, राग, थट्टा, धमकी, जे हवं ते भरू शकायची. त्या दिवशीच्या 'अहो'पुढं यशोधनांचं काही चाललं नाही.

पुण्यातल्या एका तलावात दोघांनी पाण्याखालचा श्वास शिकून घेतला. पाठीवर टाकी, तोंडात नळीचा रबरी तुकडा, अंगात हवा भरायचं जॅकेट. जॅकेटमध्ये हवा भरली की माणूस वर तरंगतो, सोडली की खाली जातो. शिकवणाऱ्यानं हाताच्या खुणाही दाखवल्या. टाकीतली हवा संपली तर तळहात गळ्यावरून आडवा फिरवायचा, सुरी फिरवल्यासारखा.

"हे मी करायची नाही," हेमांगीनं स्पष्ट सांगितलं. "सवाष्णीनं स्वतःचा गळा कापून दाखवायचा? दुसरी एखादी बरी खूण असेल तर सांगा."

शिकवणारा हसला. "राहू द्या मॅडम. आता खुणा करतंय कोण? बोटीवर कंठी देतात."

तर ही कंठी काय चीज आहे, ते आधी नीट समजून घेऊ.

बुवा वाणी चार सांगतात. नाभीपाशी परा, हृदयात पश्यंती, कंठात मध्यमा, आणि ओठांबाहेर पडते ती वैखरी. शास्त्रज्ञांनी ही नावं घेतली नाहीत, पण जागा बरोबर हेरली. आपण मनाशी बोलतो तेव्हा आवाज निघत नाही, तरी जिभेच्या मुळाशी आणि गळ्यात मेंदूचे हुकूम पोचतातच, आणि तिथले स्नायू किंचित थरथरतात. गळ्याभोवती बांधलेली पट्टी ती थरथर टिपते, तिच्यावरून बोलण्याचा अर्थ ताडते आणि तो अर्थ दुसऱ्याच्या पट्टीकडे पाठवते. पाण्यात रेडिओच्या लहरी चार हात जाऊन विरतात. ध्वनी मात्र हवेतल्यापेक्षा चौपट वेगानं धावतो. म्हणून पाण्याखाली या पट्ट्या माणसाला ऐकू न येणाऱ्या बारीक ध्वनीनं एकमेकींशी बोलतात. ऐकणाऱ्याच्या कानामागच्या हाडातून शब्द उमटतात, तेही त्याच्या स्वतःच्या भाषेत.

आता यातली मेख लक्षात ठेवा. आपण बोललेले शब्द पलीकडे जातच नाहीत. जातो तो यंत्राला लागलेला अर्थ. शब्द पलीकडे नव्यानं शिवले जातात. बोलणारा मराठी, ऐकणारा मराठी, तरीही बोलणं पोचतं ते धुऊन, इस्त्री करूनच. त्यात बोटीच्या मालकांनी सगळ्या कंठ्यांमध्ये 'सौजन्य' चालू करून ठेवलेलं. देशोदेशीचे पाहुणे आठवडाभर एका बोटीवर राहणार, भांडणं नकोत, म्हणून कडू शब्द वाटेतच गाळले जायचे.

बोटीचं नाव रत्नमाला. लक्षद्वीपच्या बाजूला, बेटांपासून लांब नांगर टाकायची, तिथंच खायचं, तिथंच झोपायचं आणि दिवसातून दोनतीनदा पाण्यात उतरायचं, असा बेत. पाणबुड्यांचा वाटाड्या तिथल्याच बेटावरचा कासिमकोया. माणूस गोड, हसरा. मल्याळम बोलायचा, कंठीतून मराठी ऐकू यायचं.

पहिल्याच दिवशी हेमांगी पाण्यातून वर आली ती गप्प. खाली रंगच नव्हता. कंकण होतं, पण पांढरं, चुन्यासारखं. फांद्या होत्या, पण स्मशानातल्या. मासे म्हणावेत तर दोनचार चुकार, तेही घाईत असल्यासारखे.

कारण तिला पाठ होतं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, तो मऊ अंगाचा जीव. त्याच्या अंगात शेवाळाचे सूक्ष्म भाडेकरू राहतात. ते उन्हावर स्वयंपाक करतात, घरमालकाला जेवू घालतात, आणि त्याचा रंगही त्यांचाच. पाणी फार तापलं की घाबरलेला घरमालक भाडेकरूंना बाहेर काढतो, मग पांढराफटक पडून उपाशी राहतो. पाणी वेळेवर निवलं तर भाडेकरू परत येतातही. गेली दोन वर्षं तिथलं पाणी निवलं नव्हतं. जाहिरातीतली चित्रं त्याच्या आधीची होती.

दुसरी जागा तशीच. तिसरीही तशीच. बोटीचं इंजिन धूर ओकायचं, खोलीत डिझेलचा वास, यशोधनांना बोट लागलेली. अशात ते पटकन बोलून गेले, "मी म्हटलं होतं. फळ्यावरच चांगलं होतं तुझं कंकण."

झालं. हेमांगीनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं, आणि अबोला सुरू झाला.

पण कंठीचा अबोला मोठा विचित्र. हेमांगी तोंडानं एक शब्द बोलायची नाही. गळ्यातून मात्र काम चालू. "कंठीतून बोलणं म्हणजे अबोला मोडणं नव्हे," असा तिचा हिशेब असावा. ती त्यांच्याकडं पाठ करून बसायची, खांदे तिरके, मान ताठ, आणि यशोधनांच्या कानामागं साखरेत घोळलेला आवाज यायचा, "कृपया लक्ष द्या. तुमचा टॉवेल खुर्चीवर आहे." त्या ओल्या टॉवेलावरून मुळात ती काय म्हणाली असेल, याची तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला चांगली कल्पना होती. 'अहो' या शब्दाचा यंत्रानं 'कृपया लक्ष द्या' असा अर्थ लावलेला. लाडाचं 'अहो' असो की धमकीचं, सगळ्याला तेच.

पहिले दोन दिवस यशोधनांना बरं वाटलं. टोमणा नाही, टोला नाही. मग चैन पडेना. घरात भांडण कसं, दोघांनी एकेक टोमणा मारावा, तिसऱ्या टोमण्याला एकाला हसू फुटावं आणि चहा व्हावा. इथं टोमणेच पोचत नव्हते. भांडण पुढं सरकेना, म्हणून संपेना.

शिवाय जेवण अळणी. पहिल्या दिवशी माशाची आमटी झकास होती. दुसऱ्या दिवशी टेबलावरची मिठाची बाटली रिकामी झाली आणि हेमांगीनं कंठीतून खानसाम्याला मिठाचं काहीतरी सांगितलं. खानसाम्यानं कानाला हात लावून माफी मागितली. त्या दिवसापासून जेवणातलं मीठ कमीकमीच होत गेलं.

"जेवणात मीठ का नाही?" यशोधनांनी विचारलं.

"मी सांगितले आहे. ते लक्ष देत नाहीत," कानामागून उत्तर आलं, आणि हेमांगीनं पाठ फिरवली.

इथवर आपला पूर्वरंग झाला. आता सावरून बसा.

शेवटच्या दिवशीची बुडी. कासिमकोयानं सांगितलं, एका उतारावर थोडा जिवंत प्रवाळ असेल, निदान मागच्या महिन्यात होता. हेमांगीचे डोळे जरा चमकले. तिघं खाली उतरली. पुढं कासिमकोया, मधे हेमांगी, मागं यशोधन. वर सूर्य दुधात विरघळल्यासारखा दिसत होता, आणि खाली पुन्हा तोच चुना. उतारही पांढराच निघाला.

हेमांगी एका मोठ्या प्रवाळापाशी थांबली. परातीएवढा पसरट, मेलेला. तिनं त्याच्यावर हात धरला, स्पर्श न करता, तापलेल्या लेकराच्या कपाळावर धरावा तसा. यशोधनांना वाटलं, आत्ता जावं, काहीतरी बोलावं. पण कंठीतून काय बोलणार? 'कृपया दुःख करू नका?'

तेवढ्यात कानामागं तिचा इस्त्रीचा आवाज आला.

"माझी हवा जास्त झाली आहे."

कासिमकोयानं मनगटावरचा आकडा पाहिला. तिची टाकी अर्ध्याहून भरलेली. म्हणजे जास्त झाली ती जॅकेटमध्ये, नवख्यांचं नेहमीचं. त्याचंही उत्तर कानात आलं, "काळजी नाही. जॅकेटमधली थोडी सोडून द्या."

हेमांगीनं गोंधळून त्याच्याकडं पाहिलं. पण पाण्यात वाटाड्याचं ऐकायचं, असं शिकवलेलं. तिनं बटण दाबलं. जॅकेटमधून बुडबुडे निघाले आणि ती हातभर खाली गेली.

"हवा खरोखर खूप जास्त झाली आहे."

"आणखी थोडी सोडा. छान. शांत राहा."

ती आणखी खाली गेली. यशोधनांना थोडं हसूच आलं. बाईनं जॅकेट फुगवून ठेवलं असणार, पुऱ्या फुगवते तसं. मग त्यांच्या लक्षात आलं, की तिच्या तोंडापासून बुडबुडे येत नाहीयेत. एक आला, बारीकसा. पुढं काही नाही.

"कृपया लक्ष द्या. हवा पूर्णपणे जास्त झाली आहे."

पूर्णपणे जास्त? हे काय बोलणं झालं? पूर्णपणे कमी असतं, पूर्णपणे रिकामं असतं. पूर्णपणे जास्त काय असतं?

आणि त्या क्षणी यशोधनांनी आयुष्यात पहिल्यांदा कंठीचा शब्द सोलून पाहिला. हेमांगी 'जास्त' म्हणणार नाही. 'कृपया लक्ष द्या' म्हणजे 'अहो'. मग 'अहो'च्या पुढं काय म्हणाली असेल?

अहो, सगळी वाढली.

डोळ्यांपुढं त्यांच्या आईचं, माईचं स्वयंपाकघर आलं. माई हाक मारतेय, "यशा, साखर वाढलीय रे, पळ वाण्याकडं." लहानगा यशोधन हरखून डबा उघडून बघतो, तर तळाशी दोन मुंग्या! "माई, कुठं वाढलीय? हा तर रिकामा!" आणि माई त्याच्या तोंडावर हात ठेवतेय, "रिकामा म्हणू नये, बाळा. घरातलं काही संपत नसतं. वाढतं."

हवा वाढली. टाकी रिकामी!

यशोधनांनी असे पाय मारले, की नंतर दोन दिवस त्यांच्या मांड्या ठणकत होत्या. जाताना मनातल्या मनात ओरडले, माईच्या घरात कधी कुणी न उच्चारलेला शब्द: "संपली! तिची हवा संपली!"

त्या शब्दात यंत्राला धुण्यासारखं काही नव्हतं. कासिमकोया गर्रकन वळला. पण यशोधन जवळ होते. हेमांगीचे डोळे काचेमागं मोठे झालेले, हात गळ्याच्या दिशेनं निघून अर्ध्यातच थांबलेला. यशोधनांनी आपल्या टाकीची जादा नळी ओढली आणि तिच्या तोंडात दिली. क्षणभर काहीच घडलं नाही. मग तिच्या तोंडाशेजारून बुडबुड्यांचा असा लोट निघाला, की देवळात एकदम सगळ्या झांजा वाजाव्यात.

कासिमकोयानं दोघांना दोन बाजूंनी धरलं. हळूहळू, श्वास सोडत सोडत, तिघं वर आली.

पाण्यावर डोकं निघताच हेमांगीनं नळी थुंकली, गळ्यातली कंठी ओरबाडून काढली, खोकली, आणि आठवड्याचा अबोला मोडला.

"अहो! किती वेळ! मी तिथं हवा हवा करतेय आणि तुम्ही आपले देवळातल्या गरुडासारखे हात जोडून बघत बसलाय!"

यशोधनांना रडू फुटलं की हसू, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. खारट पाणी सगळीकडंच होतं.

"अगं, मला ऐकू आलं, हवा जास्त झाली!"

"जास्त? मी म्हटलं वाढली! स्वच्छ मराठीत!"

"जिवावर बेतलं होतं, हेमा. त्या वेळी तरी 'संपली' म्हणायला काय झालं होतं?"

"त्या वेळी तर मुळीच म्हणायचं नाही!" ती कडाडली. "तेवढ्यासाठीच तर तो शब्द आहे!"

कासिमकोया दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. तिचे शब्द कळत नव्हते, पण बाई भांडतेय म्हणजे बाईची छाती हवेनं भरलेली आहे, एवढं त्याला कळलं. तो पाण्यावर उताणा पडला आणि आभाळाकडं बघून काहीतरी पुटपुटला. परमेश्वराचे आभार कुठल्याही भाषेत ओळखू येतात.

बोटीवर टाकी तपासली. दाब दाखवणारा मापकच अडकलेला. तोच खोटा आकडा हेमांगीच्या डोळ्यांसमोर, तोच कासिमकोयाच्या मनगटावर. तो बिचारा पुन्हा पुन्हा माफी मागू लागला. मग त्यानं आपलीही कंठी काढून ठेवली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत 'वाढली'चा अर्थ विचारला. यशोधनांनी सगळं समजावलं. ऐकता ऐकता तो गंभीर झाला.

"मेरी उम्मा, मतलब माँ भी," तो म्हणाला, "जब मैं समंदर में जाता हूँ, तो डूबना वाला लफ़्ज़ घर में किसी को बोलने नहीं देती. पानी में कंकर भी डूबे तो बोलती है, नीचे बैठ गया."

"मग तुला कळायला हवं होतं की रे!" हेमांगी म्हणाली. त्याला ते मराठी कळलं नाही, पण टोमणा कळला. तो हसला. टोमण्याला कंठी लागत नाही.

तेवढ्यात हेमांगी ताडकन उठली. "अहो! मीठ!"

"काय मीठ?"

"मी त्या खानसाम्याला म्हटलं, टेबलावरचं मीठ वाढलंय!"

यशोधन खुर्चीवरून पडायचेच राहिले. त्या भल्या माणसानं 'मीठ जास्त झालंय' असं ऐकून रोज चिमूट चिमूट कमी केलेलं! बोलावून सांगितलं, तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला, आणि त्या दुपारी अशी आमटी केली, की यशोधनांना लागलेली बोट कुठल्या कुठं पळाली.

संध्याकाळी दोघं कठड्याशी चहा घेत बसली. कंठ्या खोलीत खुंटीला. कासिमकोयानं विचारून ठेवलं होतं, की यंत्र बनवणाऱ्यांना कळवू का, 'वाढली' म्हणजे 'संपली' असं शिकवतील.

"शिकवतील आणि मग?" हेमांगी म्हणाली. "उद्या कुणी म्हणेल ताप वाढला, यंत्र सांगेल ताप संपला. घ्या!"

"मग यंत्रानं ओळखायचं कसं?"

"तुम्ही कसं ओळखलंत?"

यशोधनांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला आधी तू आठवलीस. मग माई."

हेमांगीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. मनगटात बांगड्या कमी दिसल्या.

"दोन वाढल्या," ती म्हणाली. "तुम्ही धरलंत ना, तेव्हा. ढोरासारखं धरता."

समोर मावळतीच्या उजेडात कंकणद्वीपाची कडा दिसत होती. इतक्या लांबून तिचा रंग कळत नव्हता. हेमांगी बराच वेळ बघत राहिली. आठवडाभर आवरून धरलेलं पाणी आता डोळ्यांतून वाहिलं, पण आवाज शांत होता.

"तेही वाढलं हो. माझं कंकण."

मेलं म्हणाली नाही. वाढलं म्हणाली. आणि यशोधनांना उमगलं, की माईच्या त्या शब्दात नुसती भीती नव्हती. डबा रिकामा आहे, हे माईलाही दिसत होतंच. पण वाढलं म्हटलं, की पुन्हा भरायला जागा राहते. पाणी निवलं, की भाडेकरू परत यायला जागा राहते.

सहल वाया गेली ती गेलीच, मंडळी. रंगीत प्रवाळ दिसला नाही. कासव दिसलं नाही. मासा दिसला तो ताटात. पण वाईला परतल्यावर कीर्तनात बुवांनी समुद्रमंथन लावलं आणि लक्ष्मी वर आली, तेव्हा यशोधन मोठ्यानं हसले आणि बायकोकडं बघितलं. हेमांगीनं कोपर मारलं. कंठी दोघांच्याही गळ्यात होती, पण तुळशीची.

आता आरती घ्या, प्रसाद घ्या आणि सुखानं घरी जा. एकच मागणं आहे. उद्या स्वयंपाकघरात कुठला डबा उघडाल आणि तळ दिसेल, तेव्हा संपलं म्हणू नका. वाढलं म्हणा. आणि म्हणताना त्या माईची आठवण काढा. शरयू केळशीकर तिचं नाव. समुद्र तिनं कधी पाहिला नाही, पण तिच्या एका शब्दानं तिची सून तळातून वर आली. तिला तेवढी विसरू नका.